महागाची ग्राइंडर-ड्रिल घेतली तर पैसे वसूल होतात काय?

बंडीवाला_आर्णी
राम राम राजेहो. सल्ला पायजे. आर्णी तालुक्यात रोडलगत माह्यं छोटंसं वेल्डिंगचं दुकान हाये. बंडीचे साटे, वखराच्या पासा, डवरे, ट्रॉलीचे पल्ले, वावराच्या कुंपणाचे अँगल, गोठ्यावरचं टिनाचं शेड, जे येईन ते करतो. आता एक चार इंची ग्राइंडर, एक हॅमर ड्रिल आन 14 इंची कटऑफ मशीन (पाइप-अँगल कापायची) नवीन घ्यायची हाये. दुकानदारानं दोन रांगा मांडून दाखवल्या, एका रांगेत बाराशे-तेराशेची ग्राइंडर, जिचं नाव मी कधी आयकलं नाही, आन दुसऱ्या रांगेत बॉश, मकिता, डिवॉल्ट, दुप्पट कुठी अडीचपट. हॅमरमधे तर फरक याच्याहून मोठा. आमचा बुढा म्हणते मशीन म्हणजे मशीन, फिरली का झालं. मले वाटते चांगली घ्यावं, पण सोयाबीनचे पैसे यायचे हायेत आन गिऱ्हाईक उधारीवाले. खरं सांगा, हे जास्तीचे पैसे नावाचे हायेत का कामाचे? आन कोणती मशीन महागाची घ्यावं, कोणती स्वस्त चालून जाते?

नुसताच_वाचक
बॉश घे अन् झोपून जाय भाऊ. धागा संपला.

वायंडर_अकोला
नाही संपला. आर्णीवाले भाऊ, मी वायंडिंगचं काम करतो, मोटरपंपही आन हातमशीनीही. माह्या टेबलावर नावाच्याही जळून येतात आन बिननावाच्याही, त्याच्याच्यानं मी कोणाची जाहिरात करत नाही. पण खोलून पाहिलं का फरक दिसते. चांगल्या मशीनीत आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) तारेवर जाड थर चढवलेला राहते, लोखंडाचा कीस हवेसंगं आत गेला तरी तार खरवडत नाही. बेअरिंगले रबराचं सील राहते, स्वस्तात पत्र्याचं झाकण, त्याच्यातून आपल्याकडची बारीक धूळ सुखानं आत जाते. कार्बन (फिरत्या भागाले करंट पोचवणारी कांडी) संपत आला का चांगल्या मशीनीत तो आपोआप सुटते आन मशीन बंद पडते, गिऱ्हाईक म्हणते बिघडली, पण खरं पाहता कम्युटेटर (ज्याच्यावर कार्बन घासते ते तांब्याचं कडं) वाचलेलं राहते. स्वस्तातल्या मशीनीत कार्बनची स्प्रिंग कम्युटेटरले घासेपर्यंत चालवतात पोट्टे.

आता दुसरी बाजू पण आयका. बाराशेच्या ज्या मशीनी हायेत त्या लय साऱ्या बॉश, मकिता, हिताचीच्या जुन्या मॉडेलच्या नकला हायेत. म्हणून त्याच जुन्या मॉडेलचं आर्मेचर, फिल्ड (बाहेरची न फिरणारी वायंडिंग), स्विच त्याच्यात बसून जाते. टाइल कटरले सगळं मार्केट सीएम-फोर म्हणते, ते मूळ हिताचीच्या मॉडेलचं नाव, आन हिताचीची हातमशीन कंपनी तर 2018 पासून हायकोकी झाली, तरी नकली मशीन अन् तिचे पार्ट सीएम-फोर म्हणूनच इकतात. तर दुकानदाराले एकच विचारा, याच्यात कोणत्या मॉडेलचं आर्मेचर बसते? त्याले सांगता आलं तर मशीन घ्यायच्या लायकीची. सांगता नाही आलं तर ती मशीन एकदा जळली का भंगारात.

आन सगळ्यात पहिले हे सांगा, तुमच्या दुकानात संध्याकाळी व्होल्टेज किती राहते?

पुण्यातला_वऱ्हाडी
वर अकोल्याच्या दादांनी शेवटी जो प्रश्न विचारला तोच मुळात पहिला प्रश्न आहे. ग्राइंडर, ड्रिल, कटऑफ या सगळ्यांत कार्बनवाली सिरीज मोटर असते. व्होल्टेज पडलं की स्पीड पडतो, स्पीड पडला की आतला पंखाही हळू फिरतो म्हणजे थंड करणारी हवा कमी, आणि काम उरकत नाही म्हणून माणूस वरून जोर देतो तर करंट वाढतो. हवा कमी आणि करंट जास्त, अशात आर्मेचर जळणारच, त्यावर स्टिकर कोणाचंही असो.

वायरचा हिशोब करून बघा. 14 इंची कटऑफ 2200 वॉटची धरली तर साडेनऊ अँपिअर ओढते. एक्स्टेंशन 50 मीटर आणि वायर 0.75 चौरस मिलिमीटरची असेल तर जाऊन-येऊन 100 मीटर तांबं झालं, रेझिस्टन्स अडीच ओहमच्या आसपास, म्हणजे वायरमध्येच चोवीस व्होल्ट खाऊन जातात. मोटर सुरू होताना करंट याच्या कितीतरी पट असतो, तेव्हा काय होत असेल विचार करा. तीच वायर 2.5 ची घेतली तर सात-आठ व्होल्टवर काम भागतं. 670 वॉटच्या ग्राइंडरला तीनच अँपिअर लागतात म्हणून तिला बारीक वायर चालून जाते आणि लोकांना वाटतं की वायर चांगली आहे. तर भाऊ, मशीन दोन हजारांनी महाग घेण्याआधी वायर बदला, हे माझं मत.

बंडीवाला_आर्णी
मीटर लावून पाहिलं आज. सकाळी 222 होतं. संध्याकाळी सहा नंतर 190 च्या खाली, आन रात्री वावरातल्या मोटरा चालू झाल्या का त्याच्याहून खाली. वायर कोणती हाये ते वरचं छापील पुसून गेलं, पण दुकानातल्या पोट्ट्यानं करंगळी लावून पाहिली तर निरा बारीक हाये, आन मधात दोन जागी जोड.

हार्डवेअर_हिंगणघाट
मी इकणारा माणूस हाये, म्हणून मी जे सांगतो त्याच्यातून थोडं वजा करून घ्या 😀

दुकानदाराले बिननावाच्या मशीनीवर मार्जिन जास्त राहते, नावाच्या मशीनीवर कमी, कारण तिचा भाव गिऱ्हाईक मोबाइलवर पाहूनच येते. म्हणून जो दुकानदार तुमाले "हे घ्या, तेच हाये" म्हणते त्याचा स्वार्थ कुठी हाये ते समजून घ्या. दुसरं, पक्कं बिल घ्या. हातमशीनीवर 18 टक्के जीएसटी हाये, तुमचं रजिस्ट्रेशन असन तर तो वापस सेट होते, म्हणजे महागाची मशीन वाटते तेवढी महाग पडत नाही. कच्च्या बिलावर दोनशे वाचवले का वॉरंटीही गेली आन क्रेडिटही गेलं. काही कंपन्या 6 महिने वॉरंटी देतात आन ऑनलाइन नोंदणी केली का अजून 6, ते कोणी करतच नाही. कार्बन, बेअरिंग हे घासणारे भाग वॉरंटीत येत नाहीत, त्याच्यावरून भांडू नका राजेहो, लय भांडतात.

तिसरं, बॉशमधे निळी आन हिरवी दोन्ही येतात. हिरवी घरच्या कामाची हाये, दुकानात दिवसभर रगडायची नाही. बॉश लिहिलं हाये म्हणून हिरवी उचलून नेतात आन मंग बोंबलतात. आन नकली बॉश-मकिता पण बाजारात हायेत, डबा सेम टू सेम, म्हणून नागपूरच्या इतवारीत फुटपाथवर "आधा दाम" दिसलं का तिथंच राहू द्या.

केपीटीचंही नाव घेतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळची कंपनी, आपल्या महाराष्ट्रातली. लोहाराच्या भात्याले त्यांचे ब्लोअर तुम्ही पाहिलेच असन. बिननावाची आन परदेशी याच्या मधातला रस्ता पायजे असन तर तेही पाहून ठेवा.

फॅब्रिकेटर_दर्यापूर
माह्यं मत सगळ्याहून उलटं हाये आन मी ते बदलणार नाही. चार इंची ग्राइंडर एक महागाची घेण्यापेक्षा दोन साध्या घ्या. काहून? एकीत कटिंगची चकती, दुसरीत घासायची जाड चकती. दिवसभर पाना शोधा, चकती काढा, चकती लावा, याच्यात जो टाइम जाते तो कोणी मोजत नाही. माह्या दुकानात तर तिसरी पण हाये, तिले फ्लॅप डिस्क लावून ठेवली, गेटची फिनिशिंग तिच्यावरच. आन एक बंद पडली तर दुसरी चालू राहते, काम थांबत नाही. एकच सोन्याची ग्राइंडर घेतली आन ती बंद पडली तर सर्व्हिस सेंटर अमरावतीले नाहीतर नागपूरले, मशीन तितं पडून, हेल्पर इथं बसून, आन गिऱ्हाईक फोनवर शिव्या देऊन राहिलं. गावात मशीनची किंमत तिच्या डब्यावर लिहिलेली नसते, ती बंद पडल्यावर किती दिवस थांबा लागते त्याच्यावर राहते.

पण थांबा. हॅमरच्या बाबतीत मी असं म्हणणार नाही. तितं पैसे टाकाच. लोक ज्याले हॅमर ड्रिल म्हणतात ते अर्ध्या वेळेस साधं इम्पॅक्ट ड्रिल राहते, त्याच्यात दात असलेल्या दोन चकत्या एकमेकीवर खडखड करतात, इटीत चालते, पण बीममधे नाहीतर आपल्या जुन्या वाड्याच्या काळ्या दगडात माणूस वरून लोंबकळला तरी भोक होत नाही. खऱ्या रोटरी हॅमरमधे पिस्टन हवा दाबते आन ती हवा ठोका मारते, हातानं फक्त धरून ठेवा लागते. बॉशचं 2-26 घ्या, 2.7 ज्यूलचा ठोका हाये, एसडीएस-प्लसची बिट लागते, शेडच्या खांबाच्या प्लेटा ठोकाले दुसरं काही नको. स्वस्तातल्या हॅमरच्या डब्यावर ज्यूल कितीही छापतात, छापाले काय जाते. आन हॅमरमधे क्लच (बिट अडकली का फिरणं सोडून देणारा भाग) हाये का ते पाहा, बिट सळाकीत अडकली तर मनगट मोडते नाहीतर शिडीवरून माणूस खाली येते.

वायंडर_अकोला
दर्यापूरवाल्याशी मी सहमत हाये हे लिहून ठेवा, असं लय कमी वेळा होते 😄 फक्त दोन ग्राइंडर घेतल्या तर त्या एकाच मॉडेलच्या घ्या. एक मेली का तिचे पार्ट दुसरीले कामी येतात.

सागवान_बल्लारशा
लोखंडवाल्यांचं झालं, आता लाकडाचं सांगतो, कारण हा धागा वाचून एखादा सुतार पण दोन साध्या मशीनी घेऊन बसेल. आम्ही बल्लारशाच्या डेपोचं सागवान कापणारे लोक. हेच सागवान 2023 मधी अयोध्येले मंदिराच्या दरवाज्यासाठी गेलं, तुम्हाले माहीतच असन. आता त्याचा घनफुटाचा भाव काय हाये ते विचारू नका. मुद्दा असा का लोखंडात ग्राइंडर दोन मिलिमीटर हलली तर वेल्डिंगनं भरून घेता येते. सागवानात राउटर (लाकडात खाचा-नक्षी कोरायची मशीन) हलला तर ती फळी गेली, आन एका फळीत मशीनच्या दोन भावातला फरक निघून जाते. म्हणून राउटर, रंधा मशीन, सर्क्युलर सॉ याच्यात बेअरिंगचा खेळ आन खालची प्लेट सरळ असणं याचेच पैसे द्या लागतात. घेताना दुकानातच पात्याले हातानं वर-खाली हलवून पाहा (लाइन बंद करून, सांगा लागते काही लोकाइले), खडखड लागली तर ठेवून द्या, मंग ते कोणाचंही असो. प्लेटवर सरळ पट्टी ठेवा, खालून उजेड दिसला का नको. ड्रिल मात्र माह्यंही साधंच हाये. पायलट भोक पाडाले काय नवाबी पायजे.

आन आता शिव्या खाल्ल्या तरी चालन पण लिहितो. चार इंची ग्राइंडरले लाकूड कापायचं दात्याचं पातं लावणं बंद करा बे. ग्राइंडर अकरा-बारा हजार आरपीएमनं फिरते, गार्ड काढून ठेवलेला, आन दात लाकडात अडकला का मशीन हातातून सुटून थेट मांडीवर नाहीतर गळ्यावर. आमच्या इकडं दर पावसाळ्यात जळतन फोडताना असं ऐकू येते. महागाची ग्राइंडर घेऊन हे केलं तरी तेच होणार हाये.

पुण्यातला_वऱ्हाडी
सुरक्षिततेवरून एक सांगायचं राहिलं, आणि मला वाटतं आपल्या भागात जास्तीचे पैसे देण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, टिकण्यापेक्षाही. लाइन जाते. ग्राइंडरचं स्विच पुढे सरकवून लॉक केलेलं असतं, लाइन गेली म्हणून मिस्त्री मशीन खाली ठेवतो, चहाला जातो, आणि लाइन आली की ती मशीन आपोआप फिरायला लागते, फरशीवर, पोराच्या पायाशी. चांगल्या ग्राइंडरच्या काही मॉडेलमध्ये लाइन परत आल्यावर मशीन सुरू होत नाही, स्विच एकदा मागे घेऊन पुन्हा पुढे करावं लागतं. सगळ्या महागड्यांत हे नसतं, म्हणून ब्रँड बघू नका, हे फीचर विचारून घ्या. किंवा मग दाबून ठेवायचं लांब स्विच असलेली घ्या, हात सुटला की बंद. ज्या दुकानात हेल्पर नवीन पोरगं आहे तिथे तर हेच घ्या.

बंडीवाला_आर्णी
हे मले माहीतच नव्हतं. आमच्या इकडं लाइन दिवसातून किती वेळा जाते विचारू नका. बॅटरीवाल्या मशीनीचं कोणी सांगा ना, कुंपणाच्या कामाले वावरात लाइन नाही, जनरेटर नेतो तर डिझेलचाच खर्च होते.

संत्रावाला_वरुड
मी मिस्त्री नाही, शेतकरी हाये, बागेत सल (वाळलेल्या फांद्या) काढाले बॅटरीची कात्री वापरतो म्हणून बोलतो. पहिले व्होल्टचं भूत उतरवा. डब्यावर 21 व्होल्ट, 48, 88 असं काही काही लिहिलेलं राहते. बहुतेक मशीनीत आत पाचच सेल राहतात. पाच सेल, एकेक 3.6 चा, झाले 18. तेच सेल फुल चार्ज 4.2 चे धरले तर झाले 21. म्हणजे 18 वाली, 20 वाली, 21 वाली एकच, आन 48-88 तर फक्त छापलेलं. पाहायचं ते एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती साठते ते), आन सेल कोणत्या दर्जाचा हाये ते, जे डब्यावर कोणी खरं लिहीतच नाही. इतं मात्र नावाले पैसे द्या, कारण मशीन नाही मरत, बॅटरी मरते, आन पाच वर्सानं तीच बॅटरी बाजारात भेटन का नाही हा प्रश्न हाये. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनीत बसत नाही, म्हणून पहिली मशीन घेता तेव्हाच पुढच्या सगळ्या मशीनी ठरून जातात.

आता तुमच्या कुंपणाचं. 18 व्होल्ट 4 एएच म्हणजे 72 वॉट-अवर. 670 वॉटच्या ग्राइंडरएवढं काम तिच्यापासून घेतलं तर सहा-सात मिनिटात बॅटरी खाली. म्हणून अँगल दुकानातच कापून, भोकं पाडून न्या, वावरात फक्त नट आवळाले बॅटरीचं इम्पॅक्ट ड्रायव्हर न्या, ते एका बॅटरीवर लय वेळ चालते.

आन उन्हाचं. मकिताच्या पुस्तिकेत लिहिलेलं हाये का बॅटरी 10 ते 40 डिग्रीच्या मधातच चार्ज करा. आपल्या इकडं मे महिन्यात बाहेर 45 राहते आन टिनाखाली त्याच्याहून जास्त. महागाचा चार्जर गरम बॅटरी घेतच नाही, लाइट लुकलुकवते आन थांबते. स्वस्तातला चार्जर बिचारा घेऊन टाकते आन बॅटरी फुगते. दुपारी चार्जिंग लावूच नका, रात्री माठाजवळ ठेवून लावा.

शेतकऱ्यांसाठी एक ओळ: वर्सातून चार वेळा ड्रिल लागते तर बाराशेचीच घ्या, आन हॅमर शेजारच्या मिस्त्रीपासून मागून आणा.

फॅब्रिकेटर_दर्यापूर
मागून आणा म्हणे 😡 ते मिस्त्री आम्हीच हाओ. भाडं द्या.

बांबूताई_गडचिरोली
नमस्कार. आमचा महिलांचा गट आहे, बांबूच्या वस्तू करतो. पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. 2023 च्या सप्टेंबरला योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी वर्ध्यालाच त्याचा मोठा कार्यक्रम झाला होता. 18 कामं आहेत त्यात सुतार, लोहार, हातोडा-हत्यारं करणारे, टोपल्या-चटया विणणारे येतात. ट्रेनिंगला रोजचे 500 मिळतात आणि हत्यारांसाठी 15,000 चं ई-व्हाउचर. एका कुटुंबातून एकालाच. वेल्डिंग म्हणून वेगळं काम यादीत नाही, पण आर्णीचे दादा वखर-डवऱ्याचं काम करतात तर लोहार म्हणून बसतं का ते ग्रामपंचायतीत विचारून घ्यावं, पहिली तपासणी तिथेच होते.

माझा प्रश्न, बांबू घासायला आमच्या बायका चार इंची ग्राइंडर धरतात तर दुपारपर्यंत मनगट दुखतं. महागाच्या मशीनीत हादरा कमी असतो का?

वायंडर_अकोला
ताई, हो, असतो, पण बांबूले तुम्हाले ग्राइंडर पायजेच काहून? ऑर्बिटल सँडर घ्या, तळव्यात बसणारं छोटं. वजन कमी, हादरा कमी, आन दाराची फ्रेम घासाले सुतार लोक तेच वापरतात. याच्यात मात्र चांगलंच घ्या. स्वस्तातल्यात खालच्या पॅडचं वजन नीट जुळवलेलं नसते, तोच हादरा मनगटात जाते. मास्क लावा, बांबूची धूळ लय बारीक राहते.

आन बंडीवाले भाऊ, चकतीवर कोणीच बोललं नाही. वर्सभरात तुम्ही चकत्याइवर जेवढे पैसे घालता तेवढ्यात ग्राइंडर येऊन जाते, पण चकती घेताना सगळे पाच रुपयासाठी भाव करतात. चकतीच्या मधातल्या लोखंडी रिंगवर एक्सपायरी छापलेली राहते, तीन वर्सं. चार इंची चकतीवर 15,300 च्या आसपास आरपीएम लिहिलेलं पायजे. सात इंची चकती 8,500 ची राहते, ती गार्ड काढून चार इंचीवर लावणारे महाभाग मी पाहिले हायेत. मशीन साधी चालन, चकती साधी नको.

बंडीवाला_आर्णी
सगळ्याइचे आभार. आयकून-आयकून असं ठरवलं हाये. पहिले 2.5 ची वायर, बिनाजोडाची. ग्राइंडर दोन, साध्याच, एकाच मॉडेलच्या, आर्मेचर विचारून, आन दाबून ठेवायचं स्विच भेटलं तर तेच, कारण दुकानात पोट्टा नवीन हाये. हॅमर नावाचं, 2-26, त्याचे पैसे सोयाबीन आल्यावर, तोपर्यंत दर्यापूरवाल्या भाऊपासून भाड्यानं 😀 कटऑफ मशीनचं अजून ठरत नाही. ती दिवसातून अर्धा-पाऊण घंटा चालते, पण संध्याकाळीच चालते आन तवाच व्होल्टेज पडते. बुढा म्हणते सकाळी कापून ठेवत जाय. बुढ्याचं आयकतो बहुतेक.

फॅब्रिकेटर_दर्यापूर
बुढ्याचं आयका. कटऑफ साधी घ्या, पण तिचा शिकंजा पाहून घ्या, पाइप तिरपा धरला का सगळे कट तिरपे. भाडं दीडशे रोज, बिट तुमची.

नुसताच_वाचक
जुनी ग्राइंडर इकायची हाये काय मंग?